व्हील फिरतं, पण बोट वळत नाही
वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : नमस्कार काका. मी रामटेकचा. आम्ही तिघा भावांनी मिळून मुंबईकडून एक जुनी अठरा फुटी स्पीडबोट आणली. खिंडसी तलावावर घरच्यांसाठीच वापरतो, धंद्यासाठी नाही. मर्क्रूझरचं 3.0 लिटरचं इंजिन आहे, मागे अल्फा वन ड्राइव्ह, पॉवर स्टिअरिंग नाही. व्हील बरंच फिरवलं तेव्हा कुठे नाक वळतं, आणि सरळ धरली तरी बोट डावी-उजवीकडे भटकत राहते. ट्रेलरवर उभी असताना मागचा ड्राइव्ह हाताने हलवला तर खट्‌खट् वाजतो. एक जण म्हणतो केबल बदला, दुसरा म्हणतो सगळं स्टिअरिंगच बदला. आमच्या इथला वेल्डर म्हणतो, "दोन टाके मारून देतो, जिंदगीभर हलणार नाही." काय करावं?

उत्तर : भाऊ, टाके तेवढे मारू देऊ नका. तो जिथे टाके मारणार आहे तिथे ॲल्युमिनियमच्या रिंगमध्ये स्टीलचा शाफ्ट बसलेला आहे. या दोन धातूंना साध्या वेल्डिंगने एकजीव करता येत नाही. वरून उष्णतेने सील जळेल ते वेगळंच. आणि पुढे कधी तो शाफ्ट काढायची वेळ आली, म्हणजे येणारच, तेव्हा रिंग, शाफ्ट आणि त्यांच्याभोवतीचं सगळं कापून काढावं लागेल. वेल्डर आपला माणूस असेल, त्याची नियतही चांगली असेल. त्याला ट्रेलरची चौकट दुरुस्त करायला द्या.

केबल आणि "सगळं स्टिअरिंग" यांचे पैसेही सध्या खिशातच ठेवा. ढिलेपणा नेमका कुठल्या सांध्यात आहे ते कळल्याशिवाय एकही पार्ट मागवायचा नाही. आपल्याकडे हे पार्ट दुकानात टांगलेले नसतात. मुंबईहून येतात, कधी त्याच्याही पलीकडून येतात, आणि चुकीचा आला तर परत घ्यायला कोणी बसलेलं नसतं.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. स्टर्न ड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या फळीला टेकून असतं. या फळीला ट्रान्सम म्हणतात. पंखा असलेला पाय म्हणजे ड्राइव्ह, तो फळीच्या बाहेर असतो. 1959 साली व्होल्वो पेंटाने ॲक्वामॅटिक नावाने हे न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात आणलं, आणि थोड्याच वर्षांत मर्क्रूझरनेही आपला ड्राइव्ह बाजारात आणला. याला वेगळं सुकाणू नसतं. पंखाच डावी-उजवीकडे वळतो, पाणी त्या दिशेने फेकतो, आणि बोट वळते. म्हणूनच थ्रॉटल सोडला की स्टिअरिंगही जवळजवळ गेलंच समजा. धक्क्याला लावताना नवखी माणसं घाबरून गिअर न्यूट्रल करतात आणि मग व्हील गरागरा फिरवत बसतात, ती यामुळेच.

आता तुमच्या हातातलं व्हील पंख्यापर्यंत पोहोचतं कसं? व्हीलमागे हेल्म, म्हणजे गिअरचा डबा. त्यातून जाड केबल निघते, ती मागे येऊन इंजिनामागच्या एका लोखंडी हाताला ढकलते-ओढते. हा हात म्हणजे स्टिअरिंग लिव्हर. लिव्हर एका उभ्या शाफ्टच्या डोक्यावर नटने बसलेला असतो. हा शाफ्ट ट्रान्समवरच्या गिंबल हाउसिंगमधून खाली उतरतो आणि गिंबल रिंगच्या वरच्या टोकात घट्ट बसतो. त्याला अप्पर स्विव्हल शाफ्ट म्हणतात. रिंगच्या खालच्या टोकाला एक छोटी पिन आहे, ती लोअर स्विव्हल पिन. या दोन टेकूंवर रिंग दरवाजासारखी फिरते. रिंगमध्ये दोन आडव्या पिनांवर बेल हाउसिंग झुलतं, म्हणजे ड्राइव्ह वरखाली होतो, आणि बेल हाउसिंगला ड्राइव्ह सहा नटांनी बसतो. एवढ्या सांध्यांपैकी कुठेही झीज झाली तरी व्हील हाती धरणाऱ्याला एकच कळतं, की "ढिलं आहे". म्हणून व्हीलवर बसून निदान होत नाही.

तुम्ही तीन भाऊ आहात, हे कामाचं आहे. बोट ट्रेलरवर सपाट जागी लावा. इंजिन बंद, ड्राइव्ह पूर्ण खाली, व्हील सरळ. एकाने व्हील घट्ट धरून बसायचं, काही झालं तरी फिरू द्यायचं नाही. दुसऱ्याने मागे जाऊन ड्राइव्हच्या खालच्या टोकाचा पंखासारखा कल्ला, म्हणजे स्केग, धरून डावी-उजवीकडे सावकाश ढकलायचं. झटके द्यायचे नाहीत, झटक्याने सगळंच वाजतं. तिसऱ्याने इंजिनकक्षात टॉर्च घेऊन वाकायचं आणि स्टिअरिंग लिव्हरवर बोट ठेवायचं.

ड्राइव्ह हलला, पण आत लिव्हर जागचा हलला नाही, तर दोष लिव्हरच्या खाली आहे. म्हणजे शाफ्ट आणि रिंग यांच्या जोडात, किंवा लिव्हर आणि शाफ्ट यांच्या जोडात. लिव्हर हलतो पण केबलचं टोक हलत नाही, तर त्या दोघांमधली पिन झिजलेली आहे. हे सगळ्यांत स्वस्त काम. नवी पिन, नवी कॉटर पिन, झालं. केबलचं टोक हलतं पण समोर व्हील हलत नाही, तर केबल किंवा हेल्म गेलं. यात एक खाच आहे. काही हेल्म "नो फीडबॅक" प्रकारचे असतात. पाण्याचा जोर व्हीलवर परत येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम व्यवस्था केलेली असते, आणि व्हीलला थोडा मोकळेपणा त्यात असतोच. तेवढ्यासाठी हेल्म बदलू नका.

मग स्केग सोडून ड्राइव्ह पुढे-मागे आणि वरखाली हलवून बघा. तिथे आवाज आला तर खालच्या पिनचं बुश, म्हणजे पिनभोवतीचं आवरण, नाहीतर आडव्या पिनांचे बुश झिजलेत. आडव्या पिनांत थोडा खेळ असतोच, त्याने बोट भटकत नाही.

तुमच्या पत्रातल्या खट्‌खट् आवाजावरून मला शंका पहिल्या जागेची, म्हणजे शाफ्ट आणि रिंगच्या जोडाची, येते. अल्फा ड्राइव्हमध्ये झीज बहुतेक वेळा त्याच सांध्यात सापडते. शाफ्टचं खालचं टोक बऱ्याच मॉडेलांत चौकोनी असतं, काहींत दातेरी, म्हणजे स्प्लाइनचं. ते रिंगच्या चौकोनी भोकात बसतं आणि रिंगचा चिरलेला तोंडाचा भाग बोल्टने आवळून ते पकडतं. हे बोल्ट कधीकाळी सैल राहिले की स्टीलचा कडक चौकोन मऊ ॲल्युमिनियमला प्रत्येक वळणावर रगडतो. भोकाचे कोपरे गोल होत जातात. एकदा गोल झाले की बोल्ट कितीही आवळा, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

बघायचं कसं? ड्राइव्ह पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे रिंगचं वरचं टोक उघडं पडतं. जुनं ग्रीस चिंधीने पुसा. सांध्यातून लालसर किंवा काळपट भुकटी निघाली असेल, तर तिथे धातू धातूला घासतोय. मग घरातलं नेलपॉलिश आणा, विचारून आणा, आणि शाफ्टच्या टोकापासून रिंगवर येईल अशी एक सरळ रेघ ओढा. वाळू द्या. आता भावाला स्केग हलवायला सांगा. रेघ शाफ्ट आणि रिंग यांच्या मधोमध तडकली, दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकले, तर आणखी पुरावा शोधू नका. आत ट्रान्समजवळ, लिव्हरच्या खाली, पाण्याचे ओघळ किंवा गंजाची रेषा दिसते का तेही बघा. शाफ्टला खेळ आला की त्याच्यावरचं सील टिकत नाही आणि तिथून पाणी बोटीत येतं. जुनी बोट विकणारे बिल्ज पंपावर, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपावर, नवीन स्विच लावून देतात, पाणी कुठून येतं ते सांगत नाहीत.

रेघ थोडीशीच हलली आणि कोपरे शाबूत दिसले, तर बोल्ट आवळून काम भागू शकतं. ड्राइव्ह काढून घेतला तर पाना सरळ बसतो. किती आवळायचं ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. तेवढंच, टॉर्क रेंचने. बोल्ट खराब असेल तर कंपनीचाच मागवा. नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत त्याच मापाचा बोल्ट मिळेल, चकचकीत असेल, पण त्याची ताकद किती ते कोणी लिहून देणार नाही, आणि तुमची वळायची क्षमता त्या एका बोल्टवर टांगलेली आहे.

कोपरे गेले असतील तर नवी रिंग आणि नवा शाफ्ट, दोन्ही एकदम. एकच बदलून जुन्याशी जोडलेला सांधा पुन्हा लवकर ढिला होतो. आणि इथेच खरं दुखणं आहे. लिव्हरचा नट इंजिनाच्या आणि ट्रान्समच्या मध्ये अशा कोपऱ्यात असतो की हात जात नाही. रीतीप्रमाणे करायचं तर इंजिन बाहेर काढायचं, ट्रान्समवरची सगळी जोडणी उतरवायची. दुसरा मार्ग असा की गिंबल हाउसिंगला बाजूने भोक पाडून तिथून नट सोडवायचा, आणि नंतर त्या भोकाला आटे पाडून प्लग बसवायचा. जाणते मेकॅनिक हे करतात, आणि नीट केलं तर प्लग गळत नाही. पण "नीट केलं तर" यावर सगळं आहे. भोकाची जागा थोडी चुकली तरी हाउसिंगच बाद. ज्याने हे आधी केलंय त्यालाच हात लावू द्या. तुमच्या इंजिनाचे माउंट, वायरिंग, एग्झॉस्ट यांचंही वय झालंय असं वाटत असेल तर मी इंजिन काढायच्या बाजूने आहे. चेन ब्लॉक भाड्याने मिळतो, तीन भाऊ आहेत, आणि त्या निमित्ताने ट्रान्समची लाकडी फळी कुजली आहे का तेही ठोकून बघता येतं.

ड्राइव्ह उतरवायला घेतलाच तर काही गोष्टी त्याच वेळी उरकून घ्या. अल्फाचा ड्राइव्ह काढताना आणि बसवताना गिअर फॉरवर्डमध्ये हवा, नाहीतर शिफ्टचा जोड आत जुळत नाही आणि लोक हातोडा शोधायला लागतात. एकट्याने उचलायचा नाही, स्टँड किंवा जॅक खाली ठेवा. बाहेर निघाला की रबरी बेलोज, म्हणजे घड्यांची नळी, वाकवून, दुमडून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बोट ट्रेलरवर उन्हात उभी असते, आणि रबराच्या घड्यांत बारीक भेगा पडतात. सरळ बघितल्या तर दिसत नाहीत, घडी उघडली की दिसतात. हा बेलोज फाटला की पाणी युनिव्हर्सल जॉइंटवर आणि गिंबल बेअरिंगवर जातं. बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर लागली तर बदला. ड्राइव्ह परत लावण्यापूर्वी इंजिनाची रेषा अलाइनमेंट बारने तपासा, बार सहज आत-बाहेर गेला पाहिजे.

बुशांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. खालच्या पिनचं बुश मिळत नसेल तर हिंगणा एमआयडीसीत चांगला लेथवाला गाठून गनमेटलमध्ये करून घ्यायला माझी हरकत नाही, माप जुन्या पिनवरून नाही तर नव्या पिनवरून द्या. पण स्विव्हल शाफ्ट कुठल्याही लेथवर करून घेऊ नका. त्या स्टीलची प्रत बघून कळत नाही.

भटकण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. खोल व्ही आकाराच्या तळाची बोट अगदी हळू चालवली की थोडी भटकतेच. सगळं नवंकोरं असलं तरी. तुम्ही किनाऱ्याजवळ संथ गतीत बघून निष्कर्ष काढला असेल तर तो अर्धाच धरा. बोट वेग घेऊन पाण्यावर तरंगायला लागली की सरळ जाते का, ते महत्त्वाचं. पण ते बघायला आत्ता जाऊ नका. शाफ्टचा निकाल लागेपर्यंत बोट पाण्यात उतरवूच नका, घरची मंडळी बसवून तर नाहीच. खिंडसीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की दगड आणि खुंट वर येतात, आणि ऐन वेळी व्हीलने साथ सोडली तर थ्रॉटल बंद करण्याखेरीज हातात काही उरत नाही.

प्रश्न : काका, आम्ही पवनीचे. आमच्याकडे उलटं आहे. पावसाळाभर झाकून ठेवलेली बोट काढली तर व्हील दगडासारखं कडक. जोर लावला तर थोडं सरकतं. धरणात इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, फार, त्याचाही काही संबंध असेल का?

उत्तर : इकॉर्नियाचा संबंध पंख्याशी आणि पाणी ओढणाऱ्या जाळीशी, व्हीलशी नाही. जोर लावणं आधी थांबवा, केबलचं टोक वाकेल.

केबल लिव्हरपासून सोडवा, पिन काढली की सुटते. आता मागे जाऊन ड्राइव्ह हाताने वळवा. सहज वळला तर केबल जाम आहे. वळत नसेल तर स्विव्हल शाफ्ट बुशात अडकलाय, आणि ते वरच्या उत्तरातलं मोठं काम.

केबल असेल तर बहुधा टोकाचा चकचकीत दांडा ज्या नळीत सरकतो तिथलं ग्रीस वाळून गच्च झालंय. दांडा बाहेर काढून जुनं ग्रीस खरवडा, पुसा, नवं सागरी ग्रीस लावा. नळीला ग्रीस निपल असेल तर एक गोष्ट पाळा. निपलमधून ग्रीस भरण्यापूर्वी व्हील फिरवून दांडा पूर्ण आत घ्या. दांडा बाहेर असताना भरलं तर नळीत ग्रीस कोंडतं आणि स्टिअरिंग पुन्हा जाम होतं. हे सगळं करूनही कडकच राहिली तर केबलच्या आवरणात पाणी शिरून आतली तार गंजली आहे. ती उघडून दुरुस्त होत नाही, तेल सोडून मोकळी झाली तरी भरवशाची नाही. बदला. नवी मागवताना जुन्या केबलच्या आवरणावर छापलेला नंबर लिहून घ्या, लांबी त्यातूनच कळते.

प्रश्न : माझ्या नवऱ्याची बोट वेगात सतत उजवीकडे ओढते. स्टिअरिंग ढिलं नाही, आम्ही तपासलं. व्हील सोडलं की वळायलाच लागते. हात दुखतात.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ताई, पंखा एकाच दिशेने फिरतो म्हणून त्याची ओढ एका बाजूला असतेच. ती मारण्यासाठी पंख्याच्या वर, आडव्या पत्र्याच्या खाली, छोटा कल्ला असतो. त्याला ट्रिम टॅब म्हणतात. आधी त्याच्या जागेवर खूण करा, मग बोल्ट सैल करा आणि टॅबचं मागचं टोक उजवीकडे, म्हणजे बोट ओढते त्याच बाजूला, किंचित सरकवा. उलट वाटेल, पण असंच आहे. टॅबवर पाणी आपटून ड्राइव्हला दुसरीकडे ढकलतं. आवळा, नेहमीच्या वेगाने चालवून बघा, लागलं तर पुन्हा थोडं. टॅबला रंग देऊ नका, बऱ्याचदा तोच गंजरोधक ॲनोडही असतो आणि रंगाखाली तो काम करत नाही.

ड्राइव्ह फार वर उचलून चालवत असाल तर ओढ वाढते. शिवाय तसं उचलल्यावर रिंगच्या बाजूच्या टेकूतून ड्राइव्ह सुटतो आणि नसलेला ढिलेपणा जाणवायला लागतो. ट्रिम, म्हणजे ड्राइव्हचा वरखाली कल, खाली घेऊनच तपासा. आणि व्हील सोडून दाखवायचा प्रयोग कोणासमोरही करू नका.

प्रश्न : स्टिअरिंगचं काम झाल्यावर घराच्या अंगणात इंजिन चालू करून बघितलं तर चालेल का? वाडीत आमची जागा आहे, पण तलाव लांब पडतो.

उत्तर : पाण्याशिवाय एक मिनिटही नको. अल्फामध्ये पाणी ओढणारा पंप ड्राइव्हच्या आत असतो आणि त्याचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की लगेच जळतो. फ्लशिंग मफ, म्हणजे पाणी शिरायच्या भोकांवर बसणाऱ्या दोन रबरी वाट्या, लावून बागेचा पाइप जोडा. आधी नळ सुरू, मग इंजिन. पंखा काढून ठेवा, पोरं आणि कुत्रं लांब. पॉवर स्टिअरिंग नसेल तर मुळात इंजिन लावायची गरजच नाही. व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि ड्राइव्ह दोन्हीकडे सारखा वळतो का ते मोजपट्टीने बघा. वाटेत बेलोज, पाइप, वायर काही ताणलं जात असेल तर तेही तेव्हाच दिसतं.